खंडेनवमीचं वायरिंग

घट बसले त्याच दिवशी सुभेदार नाथाजी बर्गे यांनी साताऱ्यात गोडोलीतल्या आपल्या अंगणात उभं राहून जाहीर केलं, की दसऱ्याला गाडीचे चारी इंडिकेटर एकदम लुकलुकणार म्हणजे लुकलुकणार!

ऐकायला त्यांची बायको हौसाबाई होती, नवरात्रासाठी कोरेगावहून आलेली त्यांची थोरली बहीण बयाक्का होती, आणि जिच्याबद्दल हे चाललं होतं ती एकोणीसशे बहात्तर सालची फियाट होती. तिघींपैकी कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

"अठ्ठावीस वर्सं फौजेत सिग्नलमधी काढली म्या!" नाथाजी म्हणाले. "बर्फात तार वडली, वाळूत तार वडली. ही एवढीशी गाडी! हिच्या अंगात तार ती किती असायची?"

"तारा किती ते म्हाईत न्हाई," हौसाबाई वाती वळता वळता म्हणाल्या, "पर दिस नऊच हायती."

नाथाजींनी फौजेत तारा ओढल्या होत्या हे खोटं नव्हतं. फक्त त्या तारेला दोनच टोकं असायची आणि दोन्ही टोकांना एकेक टेलिफोन असायचा. फियाटच्या डॅशबोर्डामागे मूठभर जागेत पन्नाससाठ टोकं गुण्यागोविंदानं नांदत होती. या फरकाकडे नाथाजींनी फारसं लक्ष दिलं नव्हतं, कारण बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष दिलं तर माणूस काही जाहीर करूच शकणार नाही!

हे सगळं सुरू झालं ते गेल्या शिमग्यात. लेक श्रद्धा सांगलीला विश्रामबागेत दिलेली. तिच्याकडून परतताना आष्ट्याच्या अलीकडच्या वळणावर फियाट बंद पडली. दिवस मावळत होता. आजकालच्या गाड्यांना एक बटन दाबलं की चारी कोपऱ्यांचे दिवे लुकलुकतात आणि मागचा माणूस समजतो, की पुढं काहीतरी घोटाळा आहे. बहात्तर सालच्या गाडीला असलं बटन कुठलं? एक तर डावा इंडिकेटर, नाहीतर उजवा! आणि मागून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर गाणी लावून येत होते.

मग नाथाजी बॉनेटमध्ये डोकं घालून बसले आणि हौसाबाई गाडीच्या मागे उभ्या राहिल्या. हातात लाल शाल. माजी सैनिकांच्या मेळाव्यात नाथाजींना सत्काराला मिळालेली! ती शाल त्या माउलीनं दीड तास हलवली. एक ट्रॅक्टरवाला इतका जवळून गेला, की उसाच्या शेंड्यानं त्यांच्या अंबाड्यातली पिन नेली.

घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आवं, मी काय तुमच्या गाडीचा दिवा हाय व्हय?"

त्या दिवसापासून सात महिने त्या फियाटमध्ये बसल्या नव्हत्या. सांगलीला जायचं झालं तर त्या एस.टी.नं जायच्या आणि नाथाजी एस.टी.च्या मागून फियाट घेऊन जायचे. प्रत्येक थांब्यावर ती दोघं एकमेकांकडे बघायची. कंडक्टरसुद्धा ओळखायला लागला होता.

शेवटी गणपतीत निकाल लागला. श्रद्धाच्या समोरच्या बंगल्यात भरतेश मगदूम राहतात. हळदीचे व्यापारी. मनानं चांगला माणूस, पण जुन्या गाड्या दिसल्या की त्यांचे डोळे भिजतात. शेडमध्ये दोन गाड्या कापड घालून उभ्या केलेल्या, आणि तिसरीची जागा मोकळी. त्यांच्या दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर, हौसाबाई म्हणाल्या, "भरतेशअण्णा, दसऱ्याला म्हातारीचं चारी दिवं लागलं, तर मी तिच्यात बसून जेवायला यीन. न्हाई लागलं, तर किल्ली तुमची!"

म्हातारी म्हणजे फियाट. नाथाजींच्या तोंडात त्या वेळी अख्खा मोदक होता. मोदकासकट मान हलली. भरतेशअण्णांनी तो होकार धरला आणि निघताना शकुन म्हणून किलोभर हळदीची पिशवी नाथाजींच्या हातात ठेवली.

"आमच्या दुकानची हाय ओ, साधीसुधी नव्हं! एकदा लागली की पंधरा दिवस जात नाही."

नाथाजींना रात्रभर झोप आली नाही. सारं आयुष्य त्यांनी दुसऱ्याच्या हुकमानं, दुसऱ्याच्या गाडीत, मागच्या फळीवर बसून काढलं होतं. पेन्शनीत निघाल्यावर पुण्याहून ही फियाट स्वतः चालवत आणली, तेव्हा बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ते पुढे बसले होते. ती गाडी दुसऱ्याच्या शेडमध्ये कापडाखाली उभी असलेली त्यांना बघवली नसती. असा हा सगळा मामला होता. तेव्हा नाथाजींच्या गर्जनेला कुणी हसू नये!

पहिल्या माळेपासून पाचव्या माळेपर्यंत त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. सहाव्या माळेला डॅशबोर्ड खोलला. आणि तिथे पहिला दणका बसला. कंपनीनं तारांना दिलेले लाल, हिरवे, निळे रंग पन्नास वर्षांत तेल आणि धूळ खाऊन एकच झाले होते. सगळ्या तारा काळ्या!

दुसरा कुणी असता तर त्यानं पोवई नाक्यावरच्या गॅरेजात गाडी नेऊन सोडली असती. नाथाजींनी टेस्टर काढला. एकेक तार धरून, बॅटरी लावून, कुठला दिवा लागतो ते बघत ते दोन दिवस गाडीखाली उताणे झोपले. एका अंगाला हौसाबाई चहा सरकवायच्या आणि दुसऱ्या अंगानं रिकामी कपबशी बाहेर यायची. आठव्या माळेला संध्याकाळी सगळ्या तारा ओळखून झाल्या. आता खुणा करायला रंगीत चिकटपट्टी हवी होती आणि घरात काळी तेवढी होती.

नाथाजी विचार करत स्वयंपाकघरात गेले. देवळीत करंडा होता. एका वाटीत कुंकू, दुसऱ्या वाटीत हळद. भरतेशअण्णांची, पंधरा दिवस न जाणारी!

"सापडलं!" नाथाजी ओरडले, आणि बयाक्कांच्या हातातलं निरांजन पडता पडता राहिलं.

खोबरेल तेलात हळद कालवली, खोबरेल तेलात कुंकू कालवलं. डाव्या दिव्यांच्या तारांना हळद, उजव्या दिव्यांच्या तारांना कुंकू. बाकीच्या, म्हणजे हॉर्न, वायपर, पुढचे मोठे दिवे यांच्या तारा कोऱ्या. त्यांना हातच लावायचा नाही. कॅलेंडरवर तसं लिहून ठेवलं, सगळी टोकं सुटी करून, बॉनेटखाली ओढून नीट फाकवून ठेवली, बॉनेट उघडंच ठेवलं, आणि नाथाजी असे झोपले की सकाळपर्यंत कूस बदलली नाही.

सकाळी उठून ते पोवई नाक्यावर चारी दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर आणि बटन आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "काका, गाडी आणून सोडा की. अर्ध्या तासात करून देतो."

"वायरिंगचा बंदोबस्त झालाय," नाथाजी म्हणाले. "आता नुसतं टोकाला टोक लावायचं राहिलंय."

नऊ दिवस गाडीत गुंतलेल्या नाथाजींच्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. त्या दिवशी खंडेनवमी होती!

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची, अवजारांची, गाडीघोड्यांची पूजा असते हे तुम्हांला मी सांगायला नको. बयाक्कांना तर मुळीच नको. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या म्हातारीनं कोरेगावच्या रानात नांगरापासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळ्याला दरसाल हळदकुंकू वाहिलेलं. नाथाजी नाक्याकडे गेल्यावर त्या आंघोळ करून अंगणात आल्या, तर गाडीचं तोंड उघडं आणि आत पूजा अर्धवट! कुठल्या तारेला नुसती हळद. कुठल्या तारेला नुसतं कुंकू. बाकीच्या तारांना काहीच नाही!

"गडबडीत ऱ्हायलं लेकराचं," बयाक्का कळवळून म्हणाल्या. लेकरू चौसष्ट वर्षांचं होतं. त्यांनी पदर खोचला.

नाथाजी दहा वाजता परत आले, तेव्हा उदबत्तीचा वास फाटकापर्यंत येत होता. बॉनेटच्या दोन्ही अंगांना झेंडूचे हार. आत डोकावले आणि त्यांच्या हातातली फ्लॅशरची पुडी खाली पडली. कालची एकही खूण ओळखू येत नव्हती! आणि प्रत्येक तारेला, टोकाला, हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट. एकही तार सुटली नव्हती. वर अक्षता.

"आक्का!" त्यांचा आवाज चिरकला. "ह्ये काय केलंस गं?"

"काय म्हंजी? निम्म्या तारा तश्याच ठिवल्या हुत्यास न्हवं? आदी वल्या फडक्यानं पुसून बगितल्या, पर तुजी हळद काय निघंना. मग समद्यास्नी सारखं लावलं. उगं एकीला हळद आन् एकीला कुकू, आसं दुजाभाव करू ने रं नाथा!"

थोरल्या बहिणीवर ओरडायचं नाही, आणि पूजेवर तर नाहीच नाही. नाथाजींनी कॅलेंडर हातात घेतलं. त्यालाही हळदकुंकू होतं, बरोबर लिखाणावर.

"असू दे," ते दात आवळून म्हणाले. "दोन दिसाचं काम हाय, ते अर्ध्या दिसात करू. पक्कड कुठाय?"

"देवापुढं."

"टेस्टर?"

"देवापुढं. पाना, हातोडी, तुजा त्यो पिळायचा समदा डबा, देवापुढं. पूजा झालीया. उद्या उतरंपत्तर लोखंडाला हात लावायचा न्हाई!"

नाथाजींनी देवघरात डोकावून बघितलं. पाटावर त्यांचा सगळा संसार झेंडूच्या फुलांखाली झोपला होता. टेस्टरच्या बारीक टोकावरसुद्धा एक पाकळी होती. ते तसेच स्वयंपाकघरात वळले.

"सुरी दे गं जरा."

"पूजंला," हौसाबाई म्हणाल्या.

"विळी? सांडशी?"

"पूजंला, पूजंला."

"मग आज भाजी कशी चिरली?"

"कालच चिरून ठिवली. आमी काय तुमच्यागत हाय व्हय, आयत्या वक्ताला जागं हुनारं!"

झालं! उद्या सकाळी निघायचं आणि हातात एक टाचणीसुद्धा नाही. भरतेशअण्णांचा फोन नेमका तेव्हाच आला.

"काय ओ नाथाजीराव, म्हातारी काय म्हणतीया? मी आपलं शेडमधली जागा झाडून घेतली बरं का. उगं घाई नको तुम्हाला."

नाथाजींनी फोन ठेवला आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं. फौजेत शिकवलेलं असतं, की सामान नसलं तर आहे त्या सामानात भागवायचं. तारा तांब्याच्या होत्या, म्हणजे त्या लोखंडाच्या बंदीत बसत नव्हत्या. त्यांच्याजवळ दहा नखं होती. काळी चिकटपट्टी होती. आणि तारेचं प्लास्टिक सोलायला? नाथाजींनी इकडे तिकडे बघितलं आणि तोंडातली कवळी काढली. कवळीत लोखंड नव्हतं, आणि तिची पूजा करायला बयाक्का विसरल्या होत्या!

डाव्या हातात कवळीचा वरचा भाग, उजव्या हातात खालचा, मधे तार. कचकन दाबायचं आणि ओढायचं. पहिली तार सोलली गेली तेव्हा नाथाजी आनंदानं काहीतरी बोलले, पण दात नसल्यामुळे काय बोलले ते कुणाला कळलं नाही.

हौसाबाई दारात उभ्या राहून बराच वेळ हे बघत होत्या. हा माणूस सकाळपासून जेवला नव्हता. नखांच्या कडेनं रक्त आलं होतं. बोळक्या तोंडानं तो आपल्याशीच पुटपुटत होता आणि एकेक तार अशी धरत होता, की लेकराचं बोट धरावं.  त्या हात पुसून आल्या आणि गाडीच्या पुढच्या सीटवर, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून बसल्या.

"आनाऽ हिकडं ती टोकं. पीळ मी घालते. जलमभर वाती वळल्यात म्या."

सोललेल्या दोन तारांना त्यांनी चिमटीत धरून असा पीळ घातला, की पकडीनंसुद्धा घातला नसता. नाथाजींना भरून आलं. सात महिन्यांत हौसाबाई पहिल्यांदा गाडीला टेकल्या होत्या. पण तोंडात दात नसताना माणसानं अशा वेळी काय बोलावं? त्यांनी पुढची तार सोलली.

कुठली तार कुठली, हा प्रश्न उरलाच होता. तो नाथाजींनी अंदाजावर सोडवायचा ठरवला. दुपारी तीनला पहिली चाचणी. हौसाबाई मागच्या दिव्यांवर, बयाक्का पुढच्या दिव्यांवर. कवळी धुऊन तोंडात बसवलेली.

"पार्टी, रिपोर्ट!" नाथाजींनी हुकूम सोडला आणि बटन दाबलं.

पोंऽऽऽऽऽ!

"शंख वाजला रं नाथा!" बयाक्कांनी हात जोडले. "शुभ हाय!"

तारा बदलल्या. दुसरी चाचणी. या वेळी वायपर सुरू झाले आणि काचेवरच्या झेंडूच्या पाकळ्या बयाक्कांच्या अंगावर उडाल्या. त्यांनी पुन्हा हात जोडले.

तिसरी चाचणी. "मागं काय लागलं?"

"मागं कायबी न्हाई," हौसाबाई ओरडल्या, "पर ब्रेक दाबला की हितला एक दिवा डोळा मारतुया!"

चौथ्यांदा डावा इंडिकेटर लावला तर पुढचे मोठे दिवे लागले. पाचव्यांदा मोठे दिवे लावले तर हॉर्न वाजला. सहाव्यांदा काहीच झालं नाही, आणि सगळ्यांत जास्त भीती नाथाजींना तेव्हा वाटली. शेजारची पोरंसोरं भिंतीवर येऊन बसली होती आणि प्रत्येक चाचणीला ओरडत होती. पण नाथाजी हटले नाहीत! सातवी, आठवी, नववी. हौसाबाईंनी पीळ सोडायचा, नाथाजींनी टोक बदलायचं, हौसाबाईंनी पीळ घालायचा. पाच वाजता अकरावी चाचणी झाली.

"लागलं!" हौसाबाई मागून ओरडल्या. "आवं, दोनी लागलं!"

"हितंबी दोन!" बयाक्का.

चारी दिवे लुकलुकत होते! एकदम, तालात, नाचत! नाथाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त दर लुकलुकीला हॉर्न हळूच वाजत होता. पिप. पिप. पिप.

"ह्यो आवाज कसला?" हौसाबाईंनी विचारलं.

"आवाजबी पायजेच की. ज्याला दिसत न्हाई त्याला ऐकू जाईल."

"बरं. आता बंद करा."

नाथाजींनी बटन वर केलं. पिप. खाली केलं. पिप. गाडीची किल्ली काढून खिशात घातली. पिप, पिप, पिप! शेवटी बॅटरीची ढिली क्लिप हातानं ओढून काढली, तेव्हा गोडोलीत शांतता झाली.

दसऱ्याला सकाळी बयाक्कांनी पूजा उतरवली आणि पक्कड, टेस्टर, पाने नाथाजींच्या स्वाधीन केले.

"आता तरी त्ये नीट करून घ्या," हौसाबाई म्हणाल्या. "बटनानं बंद हुईल आसं."

नाथाजींनी पक्कड हातात घेतली. तारांकडे बघितलं. हळदीकुंकवानं भरलेल्या त्या गुंत्यात कुठली तार कुठे गेली होती हे आता फक्त देवीला ठाऊक होतं. एक टोक हललं आणि पुन्हा चारी लागलेच नाहीत तर? त्यांनी पक्कड पिशवीत ठेवली.

"चालू हाय त्याला हात लावायचा नसतुया," ते गंभीरपणे म्हणाले. इथं ते चुकले, पण त्यांच्या जागी तुम्ही-आम्हीही असतो तर बॉनेट हळूच लावूनच टाकलं असतं.

क्लिप बसवली. पिप. हौसाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, गाडीला एक पूर्ण फेरी मारली आणि बोट दाखवत मोजलं. "एक. दोन. तीन. चार." मग दार उघडून, हातातली कापडी पिशवी मांडीवर घेऊन, त्या गाडीत बसल्या. सात महिन्यांनी! नाथाजींनी बाहेरून त्यांचं दार लावलं आणि उगीच एक सॅल्यूट ठोकला. घर राखायला राहिलेल्या बयाक्कांनी फाटकातूनच हात जोडले.

नागठाण्यापर्यंत हौसाबाईंनी कान झाकून घेतले होते. उंब्रजला त्यांनी हात काढले. कराड येईपर्यंत हादग्याचं कुठलं गाणं या ठेक्यावर बसतं ते त्या बघत होत्या. हार घातलेली जुनी गाडी, चारी दिवे लुकलुकतायत आणि पिप पिप चाललंय, हे बघून लोक बाजूला व्हायचे. दोन मोटारसायकली आणि एक टेम्पो लग्नाची वरात समजून पाच किलोमीटर मागे आले. मधल्या एका धाब्यापाशी एकानं नाथाजींना नमस्कारसुद्धा केला. नाथाजींनी तो घेतला.

पेठ नाक्यावर एका हवालदारानं हात केला.

"काय झालं आजोबा? गाडी बंद पडली?"

"न्हाई वो. चालतीया की."

"मग दिवे कशाला लावलेत?"

"बंद हुईनात म्हनून."

हवालदारानं टोपी मागे सरकवली. "अहो, हे दिवे गाडी बंद पडल्यावर लावायचे असतात."

"तवाबी लागतील!" नाथाजी छाती काढून म्हणाले. "तेच्यासाठीच बसवल्यात!"

हवालदारानं हौसाबाईंकडे बघितलं. हौसाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. सणाचा दिवस म्हणून त्यानं जाऊ दिलं.

आता यात एक लहानशी गोष्ट होती. चार दिवे आणि एक हॉर्न सकाळपासून अखंड चालवायला जेवढी वीज लागते, तेवढी तयार करणं म्हातारीच्या डायनामोला या वयात झेपत नव्हतं. त्यातून रस्ताभर दसऱ्याची गर्दी, झेंडूचे टेम्पो, हार घातलेले ट्रॅक्टर आणि गोगलगायीची चाल. आष्टा मागे पडलं तेव्हा पिपचा घसा बसला होता. पीऽप. मग प्प. दिव्यांचा नारिंगी रंग विटला.

"आवं, आवाज दमला," हौसाबाई म्हणाल्या.

"ऊन लागलं आसंल," नाथाजी म्हणाले. आणि त्यांनी ॲक्सिलरेटर आणखी दाबला.

पुढच्या वळणावर शेवटचं एक 'प्' झालं. इंजिन दोन आचके देऊन थांबलं. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. नाथाजींनी बटन दाबलं. एकदा. दोनदा. एकही दिवा लागला नाही.

चारी दिवे ज्या एका क्षणासाठी बसवले होते, तो क्षण आला होता, आणि त्याच क्षणी ते चारी विझले होते! मागून हार घातलेला एक ट्रॅक्टर गाणी लावून येत होता.

नाथाजी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. डोळ्यांसमोर भरतेशअण्णांची झाडून घेतलेली शेड आली. हौसाबाईंनी फोन काढला.

"भरतेशअण्णा? व्हय, मीच. आष्ट्याच्या म्होरं थांबलोय. दोर घिऊन या." मग त्यांनी मांडीवरची कापडी पिशवी उघडली आणि आतून लाल शाल काढली. तीच ती, सत्काराची!

नाथाजींना ते बघून गाडी बंद पडल्यापेक्षा जास्त लागलं. "म्हंजी घरनंच आनलीवतीस? माज्यावर ईस्वास न्हवता तुजा?"

"ईस्वास हुता म्हनून तर बसले," हौसाबाई म्हणाल्या. "शाल अनुभवानं घिटली. धरा! आवंदा तुमी."

अर्ध्या तासात भरतेशअण्णा आपली गाडी आणि दोर घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी फियाटच्या बॉनेटवरून हात फिरवला, आणि मग जरा लाजतच म्हणाले, "वैनी, वाईट वाटतंय ओ. पण बोलण्यात बोलणं झालेलं... किल्ली?"

नाथाजींनी खिशात हात घातला. किल्ली बोटांना लागली, पण बोटं उघडेनात.

"कसली किल्ली?" हौसाबाई म्हणाल्या. "दसऱ्याला चारी दिवं लागलं तर मी बसून यीन, आसं ठरल्यालं. साताऱ्यापास्नं हितपत्तर चारी लागलं हुतं. म्या मोजल्यात! आन् बसून आले का न्हाई? मग?"

"पण आता तर..."

"आता बॅटरी उतरलीया, आण्णा. तारा न्हाई सुटल्या. एकबी पीळ सुटला न्हाई. त्यो पीळ म्या घातलाय, आन् सोलल्यात त्या मानसानं दातानं. दातानं, आण्णा! आशी गाडी दुसऱ्याला द्यायची आसती व्हय?"

भरतेशअण्णांनी किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. ते खाली बसून दोर बांधायला लागले. नाथाजींना काय बोलावं सुचेना. या वेळी तर तोंडात दात होते, तरीही!

दोर बांधायला वेळ लागणार होता. मागून गाड्यांची रांग येतच होती. हौसाबाई बांधाच्या कडेला लिंबाच्या सावलीत जाऊन बसल्या आणि नाथाजी फियाटच्या मागे, रस्त्याच्या मध्यभागी, लाल शाल घेऊन उभे राहिले. शिस्तीत! पाय जुळवून, शालीची दोन टोकं दोन हातांत धरून. दोन्ही हात वर, दोन्ही हात खाली. वर, खाली. फ्लॅशरच्या तालात. ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकली गुमान वळसा घालून जात होत्या. फौजेतली अठ्ठावीस वर्षं अखेर कामाला आली होती.

दहा मिनिटांनी त्यांचा डावा खांदा दुखायला लागला आणि तो हात खालीच राहिला.

"आवं!" लिंबाखालून हाक आली. "डावा इंडिकेटर लागंना!"

सुभेदार नाथाजी बर्गे यांनी डावा हात वर घेतला. मग इकडे तिकडे बघितलं, कुणी ऐकत नाही याची खात्री करून घेतली, आणि हात खाली नेता नेता हळूच म्हणाले, "पिप."